ब्रसेल्सच्या बजेटमधला दीड रुपया

आजचा भाग बजेटवर आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. इन्कम टॅक्सचा स्लॅब नाही, काय स्वस्त काय महाग तेही नाही. आजचं बजेट आपल्या देशाचंसुद्धा नाही. ते आहे युरोपियन युनियनचं, म्हणजे २७ देशांनी मिळून दरवर्षी मांडलेला एक हिशेब. आणि हा विषय माझ्याकडे आला तो कोल्हापूरहून.

ऑक्टोबर २०२४. माझी मावसबहीण इरास्मस मुंडसच्या फॉर्मची तयारी करत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही युरोपियन युनियनची शिष्यवृत्ती. दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेला मास्टर्सचा कोर्स, आणि निवड झाली तर महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. त्या वेळी युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे महिन्याला सव्वा लाख. ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या देशांत भारत बरीच वर्षं वरच्या नंबरांत आहे, त्यामुळे आपल्याकडची मुलं ऑक्टोबर उजाडला की या फॉर्मच्या मागे लागतात.

तर हिचा रात्री साडेदहाला फोन. तिच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली होती: युरोपातल्या सरकारांना इरास्मसमधून २९.५ कोटी युरो कापायचे आहेत. म्हणाली, "दादा, पैसेच काढून घ्यायला लागलेत हे. मी फॉर्म भरू की नको? आई आधीच म्हणतेय, इथली नोकरी बघ म्हणून."

मी काय केलं? "भर गं, काही होत नाही" असं म्हणून फोन ठेवला. एक अक्षर न वाचता. मोठ्या भावांची एक खास खोड असते ना, ती. मग अर्ध्या तासानं अस्वस्थ वाटायला लागलं, कारण मला खरंच काही माहीत नव्हतं. इरास्मसचा पैसा कोण देतं, कोण कापतं, का कापतं, आणि कापला तर नेमका कुणाचा कापला जातो? पुढचे तीन-चार दिवस मी त्यातच होतो. आजचा भाग म्हणजे त्या दिवसांचं फळ.

आधी आकार समजून घेऊ. २०२५ साठी युनियनचं जे बजेट शेवटी ठरलं ते साधारण १९९.४ अब्ज युरोंचं. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. रुपयांत केलं तर जवळजवळ अठरा लाख कोटी. ऐकायला प्रचंड. पण आता हे बघा. आपल्या महाराष्ट्र राज्याचं २०२५-२६ चं बजेट सात लाख कोटींच्या घरात आहे. युरोपियन युनियनची लोकसंख्या ४५ कोटी, आपली बारा-तेरा कोटी. भागाकार करा. महाराष्ट्राचं बजेट माणशी पन्नास हजारांच्या वर जातं आणि युनियनचं माणशी चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे डोक्यामागे बघितलं तर मुंबईच्या मंत्रालयाचं पाकीट ब्रसेल्सच्या पाकिटापेक्षा जाड आहे!

मी हा हिशेब दोनदा तपासला, कारण मला पटेना. पण कारण सोपं आहे. शाळा, दवाखाने, पोलीस, पेन्शन, हे सगळं तिथे प्रत्येक देशाचं आपापलं सरकार बघतं. ब्रसेल्सकडे येतं ते २७ देशांच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास. आणि त्यांच्या कराराप्रमाणे या बजेटमध्ये तूट चालत नाही. जमा आणि खर्च बरोबर जुळलाच पाहिजे. आपल्याकडे सरकार सरळ म्हणतं, यंदा एवढी तूट, तेवढं कर्ज काढू. तिथे वार्षिक बजेटमध्ये ती पळवाटच नाही. एकाला जास्त द्यायचं तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ताटातलं उचलावं लागतं.

मग ताटात काय काय आहे? २०२५ मध्ये सगळ्यात मोठा घास होता मागास प्रदेशांचा विकास आणि त्याला जोडलेल्या योजनांचा, साधारण ७८ अब्ज. पोलंडमधले रस्ते, ग्रीसमधली रेल्वे, दक्षिण इटलीतले प्रकल्प, असं. इरास्मसही याच मोठ्या गठ्ठ्यात बसतं, त्याचे वर्षाला चार अब्जांच्या आतबाहेर. त्यानंतर शेती आणि पर्यावरण, ५७ अब्जांच्या जवळपास, त्यातले चाळीसेक अब्ज शेतीला थेट आधार म्हणून. पुढे संशोधन, शेजारी देशांना मदत, सीमा, संरक्षण. आणि सगळ्यांचा आवडता संशय, की अधिकारीच सगळं खात असतील? प्रशासनाचा खर्च तेरा अब्जांच्या आत. कमी नाही, पण दोनशे अब्जांत तो काही मुख्य चोर नव्हे.

आता खरी गंमत. यातलं बहुतेक सगळं आधीच ठरलेलं असतं. दर सात वर्षांनी एक मोठा आराखडा बनतो, सध्याचा २०२१ ते २०२७ चा. त्यात प्रत्येक कप्प्याची वरची मर्यादा घातलेली असते आणि तो मंजूर व्हायला सत्तावीसच्या सत्तावीस देशांची संमती लागते. वार्षिक बजेट म्हणजे त्या कपाटातल्या कप्प्यांत यंदा काय किती ठेवायचं एवढंच. कपाट बदलता येत नाही.

तर मग भांडण कशावर होतं? उरलेल्या फटीवर. २०२५ चंच बघा. जून २०२४ मध्ये युरोपियन कमिशननं मसुदा मांडला, जवळपास २०० अब्जांचा. मग तो गेला कौन्सिलकडे, म्हणजे सगळ्या देशांच्या सरकारांकडे. त्यांनी १.५२ अब्ज कमी केले. संशोधनातून ४० कोटी, इरास्मसमधून ते २९.५ कोटी, आणि इतर. मग पाळी संसदेची. तिचे खासदार लोकांनी थेट निवडून दिलेले असतात. त्यांनी कपात उलटवलीच, वर कमिशनच्या मसुद्यापेक्षा १.२४ अब्ज जास्त मागितले. कापणारे आणि वाढवणारे यांच्यातलं अंतर पावणेतीन अब्जांचं. म्हणजे शंभरात दीड रुपयासुद्धा नाही.

आणि इरास्मसची ती कपात? हजारात दीड रुपया. अख्ख्या बजेटच्या हजार रुपयांतला दीड रुपया, आणि तो कोल्हापुरात साडेदहाला फोन वाजवतो.

आता कौन्सिलची बाजूही ऐकू, कारण ती अगदीच वाईट नाही. ही सरकारं म्हणतात, प्रत्येक कप्प्यात थोडी जागा रिकामी ठेवा, वर्षभरात काय येईल सांगता येत नाही. आणि एखादी योजना दिलेले पैसे वेळेत वापरूच शकत नसेल तर तिला जास्त देऊन उपयोग काय? दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मध्य युरोपात महापूर आला, ऑक्टोबरच्या शेवटी स्पेनच्या व्हॅलेन्सियात. रिकामी जागा कशाला लागते ते सगळ्यांनी पाहिलं. त्यात जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, ऑस्ट्रिया यांच्यासारखे देश मिळतं त्याहून जास्त भरतात, तेव्हा त्यांचे अर्थमंत्री घरी जाऊन मतदारांना काय सांगणार?

पण ती रिकामी जागा कुठे गेली, ते बघायला लागलो आणि तिथे मी अडकलो. ती जागा बरीचशी व्याजानं खाल्ली होती.

कोविड आठवा. २०२० मध्ये या देशांनी कधी नव्हे ते एकत्र कर्ज काढायचं ठरवलं. २०१८ च्या किमतींत ७५० अब्ज युरोंची योजना, वार्षिक बजेटच्या बाहेर ठेवलेली. २०२१ मध्ये रोखे विकायला सुरुवात झाली तेव्हा व्याज जवळपास शून्य. सगळे खूश. भविष्यात लागणाऱ्या व्याजाचा एक अंदाज सात वर्षांच्या आराखड्यात लिहून टाकला. मग युक्रेनवर हल्ला झाला, महागाई भडकली, आणि जुलै २०२२ पासून युरोपियन सेंट्रल बँकेनं दर वाढवायला घेतले. उणे अर्ध्या टक्क्यावरून सप्टेंबर २०२३ पर्यंत चार टक्के. ज्यांच्या घरी फ्लोटिंग रेटचं होम लोन आहे त्यांना पुढचं सांगायला नको. २०२५ साठी जेवढं व्याज धरलं होतं, त्याच्या साधारण दुप्पट लागणार असं दिसलं. वरचे अडीच अब्ज.

आणि व्याज हे असं बिल आहे की त्यावर समिती बसत नाही. शेतकऱ्याशी बोलता येतं, विद्यापीठाला "यंदा थोडं कमी" म्हणता येतं. रोखे घेणाऱ्याला म्हणता येत नाही. त्याला ठरल्या तारखेला ठरलेलं द्यायचंच. मग अचानकच्या गरजेसाठी ठेवलेली लवचीक रक्कम आधी तिकडे वळते. ती आटली की सरकारं म्हणतात, आता योजनांमध्ये जागा करा. असा तो दीड रुपया शोधला जातो.

इथे मी तुम्हाला एक दिवस दाखवतो, १ फेब्रुवारी २०२४. ब्रसेल्समध्ये देशप्रमुखांची बैठक. बाहेर रस्त्यांवर शेकडो ट्रॅक्टर, टायर पेटवलेले, हॉर्न. युरोपभरचे शेतकरी आलेले, आणि त्यांचं दुखणं खोटं नव्हतं: डिझेल, खतं, स्वस्त आयात, वाढते नियम. आत नेत्यांनी सात वर्षांच्या आराखड्यात दुरुस्ती केली. युक्रेनसाठी ५० अब्ज, त्यातले ३३ कर्ज म्हणून आणि १७ मदत म्हणून. हंगेरीनं डिसेंबरात अडवलेलं, ते त्या दिवशी सुटलं. मग हे पैसे उभे कसे करायचे? काही नवे आले, काही आतल्या आत फिरवले. फिरवलेल्यांत संशोधनाच्या होरायझन कार्यक्रमाचे २.१ अब्ज गेले. आरोग्याच्या कार्यक्रमाचा एक अब्ज गेला. हो, तोच आरोग्य कार्यक्रम, जो कोविडनंतर "पुन्हा असं होऊ द्यायचं नाही" म्हणत मोठा केला होता.

आणि शेतीच्या मोठ्या रकमेला? तिला कुणी हात लावला नाही. उलट काही दिवसांत कीटकनाशकं कमी करण्याचा प्रस्तावित कायदा कमिशननं मागे घेतला, आणि अनुदानासोबतच्या पर्यावरणाच्या काही अटीही नंतर सैल झाल्या.

मी शेतकऱ्यांच्या विरोधात बोलत नाहीये, प्लीज तशा कॉमेंट टाकू नका. युक्रेनला मदत करू नये असंही माझं म्हणणं नाही. मला एवढंच दिसलं की त्या दिवशी ज्यांचे पैसे वाचले ते सगळे हजर होते. ट्रॅक्टर बाहेर उभे होते. युक्रेनचं युद्ध रोज टीव्हीवर होतं. रोखेवाल्यांकडे करार होता. पण जो संशोधनप्रकल्प २०२६ मध्ये निवडला गेला असता आणि आता जाणार नाही, त्याचा शास्त्रज्ञ कुठे उभा राहणार? आपलं काही गेलं हे त्याला कळणारसुद्धा नाही.

हेच मला माझ्या बहिणीला समजावून सांगायचं होतं, त्यासाठी अजून एक गोष्ट समजून घ्यावी लागते. या बजेटमध्ये दोन आकडे असतात. एक, यंदा दिलेलं वचन. दुसरा, यंदा प्रत्यक्ष खात्यातून जाणारे पैसे. २०२५ मध्ये वचनं १९९.४ अब्जांची आणि प्रत्यक्ष देणं १५५.२ अब्जांचं. फ्लॅट बुक करतो तसं. करार यंदा पूर्ण किमतीचा, पैसे जातात स्लॅब पडेल तसे. इरास्मस मुंडसचे कोर्सही असेच चालतात. विद्यापीठांच्या गटाला एकदा निवडलं की अनेक वर्षांचं अनुदान ठरून जातं. काही शिष्यवृत्त्यांचा पैसा तर युनियनच्या परराष्ट्र मदतीच्या वेगळ्या कप्प्यातून येतो.

म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये माझी बहीण ज्या कोर्सचा फॉर्म भरत होती, त्याचा करार आधीच झालेला होता. ती कपात मंजूर झाली असती तरी तिच्या १४०० युरोंना धक्का बसायची शक्यता फार कमी. धक्का बसला असता पुढे निवडल्या जाणाऱ्या कोर्सेसना, देवाणघेवाणींना. म्हणजे आत्ता आठवीत-नववीत असणाऱ्या एखाद्या मुलीला. जिचा कुठला ग्रुप नाही, आणि जी रात्री साडेदहाला कुणाला फोन करणार नाही, कारण जो कोर्स सुरूच झाला नाही त्याचं नाव तिला कुठून कळणार?

मला आधी वाटलं होतं की उत्तर सापडल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

असो. संसदेत काय झालं ते सांगतो, कारण हा किस्सा सोडवत नाही. २३ ऑक्टोबर २०२४, स्ट्रासबर्ग. खासदारांनी आपले वाढीव आकडे मंजूर केले. पण आकड्यांबरोबर एक ठराव असतो, आमची प्राधान्यं काय आणि का, हे शब्दांत मांडणारा. त्यात अतिउजव्यांनी सीमेवरच्या कुंपणांना युरोपचा पैसा द्यावा अशा अर्थाच्या दुरुस्त्या आणल्या. सगळ्यात मोठ्या, उजवीकडे झुकलेल्या गटानं त्यांना साथ दिली आणि त्या घुसल्या. मग डावे आणि मधले गट म्हणाले, हा ठराव आमचा नाही. ठरावच पडला! म्हणजे वाटाघाटीला संसद गेली ती हातात आकडे घेऊन, पण हे आकडे का, हे सांगणारा कागद नाही. कुटुंबात सगळ्यांनी मिळून खरेदीची यादी पास करावी आणि लग्न कुणाचं आहे यावर एकमत होऊ नये, तसलं काहीतरी.

नंतर समेट समिती बसते. एका बाजूला संसदेचे, दुसऱ्या बाजूला सरकारांचे प्रतिनिधी, हातात २१ दिवस. जमलं नाही तर कमिशनला नवा मसुदा आणावा लागतो. २०१८ च्या नोव्हेंबरात असंच फिस्कटलं होतं आणि डिसेंबरात कसंबसं जुळलं. एक जानेवारीपर्यंतही नाही जमलं तर गेल्या वर्षीच्या बजेटचा महिन्याला एक बारावा हिस्सा खर्च करत गाडी ढकलायची. पगार होतात, जुनी बिलं भागतात, नवं फारसं काही सुरू होत नाही.

२०२४ मध्ये तशी वेळ आली नाही. १६ नोव्हेंबरला, शनिवारी, तडजोड झाली. इरास्मसमधली ती कपात टळली. संसदेचं म्हणणं, कमिशनच्या मूळ मसुद्यापेक्षा आपल्या प्राधान्यांसाठी २३ कोटी युरो जास्त मिळवले. मागितले होते १.२४ अब्ज, मिळाले ०.२३. सरकारांनी काही जागा मोकळी ठेवली, व्याज भागलं, आणि दोन्ही बाजूंनी "आम्ही जिंकलो" अशी पत्रकं काढली. २७ नोव्हेंबरला संसदेनं शिक्कामोर्तब केलं. त्याच दिवशी तिथे नव्या कमिशनलाही मंजुरी मिळाली, त्यामुळे बजेटची बातमी आतल्या पानावर गेली.

मी बहिणीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझं नाही गेलं, पण पुढच्यांचं जाऊ शकतं?" म्हटलं, हो. "आणि ते व्याज संपणार कधी?"

हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. उत्तर असं: मुद्दल फेडायला सुरुवातच २०२८ मध्ये आहे आणि परतफेड चालणार २०५८ पर्यंत. जुलै २०२५ मध्ये कमिशननं २०२८ ते २०३४ च्या नव्या आराखड्याचा प्रस्ताव मांडला, जवळपास दोन हजार अब्जांचा. त्यात या परतफेडीसाठी वर्षाला साधारण २४ अब्ज धरलेत. इरास्मससाठी त्यात ४०.८ अब्ज सुचवलेत, सातही वर्षांचे मिळून. सध्याच्या सात वर्षांत ते २६ अब्जांच्या आसपास आहेत, म्हणजे वाढ मोठी दिसते. पण हा कमिशनचा प्रस्ताव आहे, आणि कमिशनच्या प्रस्तावाचं कौन्सिलमध्ये काय होतं ते आपण आत्ताच पाहिलं. शेतीचे आणि प्रदेशांचे पैसे एका पिशवीत घालून प्रत्येक देशाला द्यायचे, असंही त्यात आहे. त्यावरून ट्रॅक्टर पुन्हा निघाले तर मला नवल वाटणार नाही.

बहिणीनं फॉर्म भरला होता. तिचं नाव राखीव यादीत आलं आणि यादी तिच्यापर्यंत सरकली नाही. यात बजेटचा काही दोष नाही, तिच्या पुढे चांगली मुलं होती एवढंच. ती आता एका ठिकाणी नोकरी करतेय आणि यंदा पुन्हा भरतेय. काल रात्री एसओपी पाठवलाय, "दादा, कडक वाच, गोड गोड बोलू नकोस" असं लिहून. तो अजून वाचायचा राहिलाय, म्हणून आज इथेच थांबतो. तुमच्यापैकी कुणी या फॉर्ममधून गेलं असेल, मिळालं असो वा नसो, तर व्हॉइस मेसेज नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.